पुण्यातून वेस्टा कसा शोधावा

वेस्टा हा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला सगळ्यात तेजस्वी लघुग्रह. व्यास सुमारे ५२५ किलोमीटर. त्याच पट्ट्यातला सेरेस त्याच्या पावणेदोन पट मोठा, पण काळपट. वेस्टा अंगावर पडलेला ४० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकतो. म्हणूनच १० बाय ५० चा (दहापट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगाचा) साधा बायनॉक्युलर पुरतो.

प्रतियुतीच्या, म्हणजे पृथ्वीवरून वेस्टा सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो त्या दिवसाच्या, आगेमागे दोन-तीन आठवडे धरा. ती १६-१७ महिन्यांनी येते. भर पावसाळ्यात आली तर नाद सोडा. पौर्णिमा टाळा. प्रतियुतीला शहरातल्या गच्चीवरूनही जमतं, पण पानशेत-वेल्ह्याकडच्या अंधारात गेलात तर मनस्ताप वाचेल.

स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून नकाशा काढा. आधी त्यातली लघुग्रहांच्या कक्षांची माहिती अद्ययावत करा, नाहीतर भलत्याच जागी शोधत बसाल. नकाशातल्या ठळक ताऱ्यापासून एकेक तारा पकडत त्या जागेपाशी या.

खरी गोची इथून पुढे. बायनॉक्युलरमध्ये सारख्याच तेजाचे पाच-सहा ठिपके दिसतात. यातला वेस्टा कुठला? मला या टप्प्याने भरपूर छळलंय. ‘जो लुकलुकत नाही तो वेस्टा’ असं कुणी सांगितलं तर सरळ दुर्लक्ष करा. लुकलुकत नाहीत ते गुरू-शनीसारखे चकती असलेले ग्रह. वेस्टा पृथ्वीवरून इतका बारीक दिसतो की ताऱ्यासारखाच लुकलुकतो. मोबाइल आकाशाकडे धरून ॲपवर विसंबणंही व्यर्थ. होकायंत्र दोन-चार अंश सहज चुकतं आणि तेवढ्यात भलताच तारा पदरी पडतो.

खात्रीचा मार्ग एकच, चित्र काढा. बायनॉक्युलर ट्रायपॉडवर बसवा; हातात धरून हे होत नाही, उगाच हट्ट नको. लाल उजेडात कागदावर एक गोल काढा. आधी सगळ्यात ठळक तीन तारे त्रिकोणात मांडा, मग त्यांच्या अंतराच्या अंदाजाने बाकीचे. संशयित ठिपक्याला खूण करू नका, नाहीतर दुसऱ्या रात्री डोळे तुम्हाला हवं तेच दाखवतील. तारीख-वेळ लिहा. प्रतियुतीच्या सुमारास वेस्टा रोज साधारण पाव अंश सरकतो, म्हणजे दोन रात्रींत पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा. तेव्हा दोन रात्रींनी पुन्हा त्याच ताऱ्यांवर बायनॉक्युलर लावा आणि नवं चित्र काढा. ज्याने जागा बदलली तो वेस्टा. मध्ये ढग आले तर आणखी दोन रात्री थांबा, तो तोवरही त्याच दृश्यात असतो.

मोठी दुर्बीण मिळाली म्हणून विवरं दिसणार नाहीत. ती वेस्टाभोवती फिरलेल्या नासाच्या डॉन यानाच्या २०११-१२ मधल्या छायाचित्रांतच बघा.