एलईडी दिवा लुकलुकतो तेव्हा दोष कुठे शोधावा?

घरी जुळवलेला एलईडीचा दिवा थरथरू लागला की बहुतेकजण आधी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज सपाट ठेवणारा भाग, बदलतात. माझ्या मते दोष दिव्यात आहे की पुरवठ्यात, हे आधी ठरवावे. त्यासाठी १२ व्होल्टची एलईडी पट्टी सोडवून थोडा वेळ १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडावी. तिथेही उजेड थरथरला, तर लाकडी काडीने एकेक जोड हलकेच दाबत जावे. ज्या जोडावर उजेड बदलतो, तिथला सोल्डरचा डाग बहुधा निस्तेज आणि बारीक चिरलेला आढळतो. तो पुन्हा तापवून नवे सोल्डर द्यावे.

बॅटरीवर उजेड स्थिर राहिला, तर दोष पुरवठ्यात आहे. पुरवठ्याची पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करावा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ब्रिजनंतर, म्हणजे वीज एकाच दिशेने वळवणाऱ्या चार डायोडच्या जोडणीनंतर, सेकंदाला विजेचे १०० ठोके मिळतात. एखादा डायोड आतून तुटला की ५० उरतात आणि ते डोळ्यांनाही जाणवतात. डायोड ठीक असतील तर कपॅसिटरचा हिशेब करावा. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून ब्रिजनंतर साधारण साडेपंधरा व्होल्टचे शिखर मिळते. पट्टी अर्धा अँपिअर घेत असेल, तर १००० मायक्रोफॅरडवर व्होल्टेज प्रत्येक ठोक्यात जवळजवळ ५ व्होल्टने खाली येते, आणि पट्टीला स्थिर १२ व्होल्ट देणाऱ्या ७८१२ रेग्युलेटरला लागणारे सुमारे १४ व्होल्ट टिकत नाहीत. ४७०० मायक्रोफॅरडवर हीच घसरण एका व्होल्टच्या आसपास राहते.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याखालची पेटी त्याहून तापते. माझ्या पत्र्याच्या खोलीतल्या दिव्याचा ८५ अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेला कपॅसिटर दुसऱ्याच उन्हाळ्यात डोक्यावर फुगला होता. तेव्हापासून मी १०५ अंशांचा, ३५ व्होल्टचाच बसवतो.

उजेड एका लयीत न थरथरता शेजारचा यंत्रमाग सुरू होताच दबत असेल, तर मल्टिमीटर रेग्युलेटरच्या आधी आणि नंतर लावून पाहावा. दोन्हीकडचा आकडा एकदमच पडत असेल, तर १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. मात्र मग रेग्युलेटरवर तीनचार वॅट उष्णता निर्माण होते, म्हणून त्याला उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावल्याशिवाय पेटी बंद करू नये.