चार्जरची पिन तापतेय? या चुका टाळा

भाचीचा लॅपटॉप हातात आला तेव्हा पिनेचं काळं प्लॅस्टिक एका अंगाने मऊ होऊन वाकलं होतं. चार्जर नवा होता. आधीचाही असाच तापायचा, म्हणून तिने बदलला. बहुतेक जण इथेच चुकतात. पिन तापली की चार्जर बदलतात, लॅपटॉपच्या ज्या भोकात ती पिन बसते, त्या जॅककडे कुणी बघतच नाही.

आधी ताप नेमका कुठे आहे ते शोधा. वीस मिनिटं चार्जिंग होऊ द्या, भिंतीवरचं बटण बंद करा आणि जपून चाचपा. अडॅप्टर, म्हणजे चार्जरच्या वायरमधला ठोकळा, गरम लागला तर घाबरू नका. ६५ वॅट देताना त्याच्या आत थोडी वीज उष्णतेत जातेच. पिनेला मात्र चटका बसता कामा नये. १९.५ व्होल्टचा ६५ वॅटी चार्जर जवळपास ३.३ अँपिअर देतो. जॅकमधली पत्ती सैल पडून तिथे अर्धा ओहम अडथळा आला, तरी साडेपाच वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत साठते. प्लॅस्टिक वितळणारच!

भाची पिन तिरकी करून खाली वही टेकवायची, म्हणजे लाइट लुकलुकत नसे. हे कृपा करून करू नका. लुकलुकताना आत बारीक ठिणग्या पडतात, काजळी धरते आणि पिन आणखी तापते. ती काजळी काढायला पॉलिश पेपरने घासलं तर पिनेवरचा मुलामा जातो. सगळं बंद करून, अडॅप्टर काढून, कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पुसा, पूर्ण सुकू द्या.

पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असंही नाही. व्होल्ट लॅपटॉपच्या लेबलप्रमाणे तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

भिंतीकडचा प्लग तापत असेल, सॉकेट पिवळं पडलं असेल, तर दोष सॉकेटचा किंवा ढिल्या एक्स्टेंशन बोर्डाचा. तो आजच बदला.

भाचीच्या लॅपटॉपचा जॅक वेगळ्या वायरवर होता, त्यामुळे मदरबोर्डला हात न लावता बदलता आला. दुकानात दर ठरवण्याआधी हे जरूर विचारा. जॅक बोर्डावरच सोल्डर केलेला असेल तर काम वाढतं. आणि जॅकबरोबर चार्जरची जळकी पिनही बदलून घ्या. भाचीच्या जळक्या जॅकने नव्या चार्जरची पिन खराब केली होती; जळकी पिन नव्या जॅकचं तेच करते.