फुटबॉल हंगामाची कीर्द-खतावणी कशी लिहावी

वही लाल कापडाची घ्या. डायरी नको, तिच्यात दर पानावर एकच तारीख असते आणि फुटबॉलवाले रोज खेळत नाहीत. आमच्याकडे इंदूरला खजुरी बाजारात अजून मिळते ती लांबट, दोऱ्याने शिवलेली वही. पान आडवं तीनदा दुमडलं की आठ रकाने पडतात, पट्टी लागत नाही. मी कपडा मार्केटात एका पेढीवर एकतीस वर्षं हिशेब लिहिले, ते सगळे अशाच घड्यांवर.

निवृत्तीनंतर हाताला चैन पडेना. 2015च्या पावसाळ्यात देवासचा भाचा कोचिंगसाठी आमच्या रामबागेतल्या घरी राहायला आला आणि येताना इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा फुटबॉल घेऊन आला. त्याच्या मित्रांनी मोठमोठे क्लब आधीच वाटून घेतले होते. याने मुद्दाम लेस्टर सिटी धरला. आदल्या वर्षी नाताळात हा संघ तक्त्याच्या तळाशी होता, शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून कसाबसा चौदावा आला, 41 गुणांवर. मित्र म्हणाले, "भिया, ये तो गई." मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण बुडत्या पेढीची कीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, लिहायला मजा येते हे ठाऊक होतं. तर मी कसं लिहिलं ते सांगते. तुम्ही तुमचा क्लब घ्या, रीत तीच.

आठ रकाने असे: तारीख आणि आपली वेळ, कोणाशी, घरी की बाहेर, गोल केले, गोल खाल्ले, गुण, चालू बेरीज, शेरा. जिंकल्यास 3, बरोबरीला 1, हरल्यास भोपळा. वीस संघ, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, म्हणजे 38 ओळी. एका पानावर एकोणीस घेतल्या तर हंगाम दोन पानांत बसतो. ही एकोणीसची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

वेळेचा रकाना गंमत म्हणून ठेवलेला नाही. इंग्लंडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेपाच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक काटे मागे घेतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतात. त्यांचा शनिवारी दुपारी तीनचा सामना ऑगस्टमध्ये आपल्याकडे साडेसातला सुरू होतो, नोव्हेंबरात साडेआठला. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. 31 ऑक्टोबरला वेस्ट ब्रॉमविचचा सामना होता, मी साडेसातला दिवाबत्ती उरकून बसले. तासभर स्कोअर हलेना. भाचा म्हणाला, "आत्या, अगं त्यांचं घड्याळ बदललं." तोवर भाताच्या कुकरचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लेस्टरने तो सामना 3-2 जिंकला, आम्ही खिचडी खाल्ली. तेव्हा वही आणल्याबरोबर या दोन रविवारांवर आधी लाल खूण करा.

दुसरं, कपांचे सामने, म्हणजे हरलं की बाहेर अशा स्पर्धांचे, या खात्यात घ्यायचे नाहीत. लीग वेगळी, एफए कप वेगळा, लीग कप वेगळा. जानेवारी 2016मध्ये 10 ते 20 तारखेच्या दरम्यान लेस्टर टॉटनहॅमशी तीनदा खेळला: कपात 2-2, मधे लीगमध्ये 1-0, परत कपात 0-2. तिन्ही एकाखाली एक लिहिले असते तर चालू बेरीज पार बिघडली असती. मागच्या पानावर कपांसाठी दोन छोटी खाती काढा. लेस्टरची तर जानेवारी सरायच्या आत दोन्ही बंद झाली, पुढे जागा कोरी राहिली. राहू दे, त्यात काही अपशकुन नाही.

आता लिहायची शिस्त. शिट्टी वाजल्याशिवाय ओळ भरायची नाही. हे मी अनुभवाने सांगते. 14 फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ, आर्सेनलच्या मैदानावर सामना. लेस्टरचा एक गडी लाल कार्ड मिळून बाहेर गेलेला, तरी गोल 1-1. नव्वद मिनिटं झाली, वर चार झाली. मी पेन उघडलं, 1-1 लिहिलं, आधीच्या 53मध्ये एक मिळवून 54 मांडले, आणि शाई वाळायच्या आत आर्सेनलच्या वेलबेकने डोक्याने गोल केला. पंचाण्णवावं मिनिट. भाचा वहीकडे बघत होता, टीव्हीकडे नाही. पेढीवर खाडाखोड चालत नसे. चुकलेला आकडा वाचता येईल असा एकाच रेघेने कापायचा, शेजारी बरोबर आकडा आणि सही. तसंच केलं. 54 वर रेघ, 53, माझी सही. आजही ते पान उघडलं की आधी तीच ओळ दिसते.

शेरा भरताना मात्र हात आखडू नका. गोल कोणी केला ते तिथे येईलच. लेस्टरच्या जेमी वार्डीने सलग अकरा सामन्यांत गोल केले, व्हॅन निस्टलरॉयचा दहाचा विक्रम मोडला, तो सामना 28 नोव्हेंबरला मँचेस्टर युनायटेडशी, आपल्या रात्री अकराला. भाचा सराफ्यातून गराडू, म्हणजे तळलेला कंद, बांधून घेऊन आला होता, म्हणून शेऱ्यात "वार्डी 11, गराडू" असं आहे. काही वर्षांपूर्वी हाच माणूस छोट्या लीगमध्ये खेळत होता. 2012मध्ये दहा लाख पाऊंडांना घेतला तेव्हा लोकांनी नावं ठेवली होती म्हणे.

पण गोलांच्या रकान्यात न मावणारी माणसंही असतात. एन्गोलो कान्टे नावाचा बुटका गडी फ्रान्समधल्या काँहून आला. हंगामभरात त्याच्या नावावर लीगमधला एकच गोल. माझ्या खतावणीत, म्हणजे नावानिशी खात्यांच्या वहीत, त्याचं पान जवळजवळ कोरं. आणि तरी बघावं तेव्हा समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेणारा तोच. अशांसाठी शेऱ्यात एक खूण ठरवून घ्या. मी छोटा त्रिकोण काढत असे. कप्तान मॉर्गन आणि गोलकीपर श्मायकेल लीगचा प्रत्येक मिनिट खेळले, त्यांना खूण लागलीच नाही. पेढीवरही जो रोज वेळेवर येतो त्याची कुठे नोंद होते?

दिवाळीत आमच्याकडे वहीपूजन असतं. भाच्याने ही वहीही पाटावर ठेवली, मी काही बोलले नाही. तेव्हा देशादेशांचे सामने सुरू असल्याने लीगला सुट्टी होती, बारा ओळी भरल्या होत्या आणि बेरीज 25 होती. व्यापाऱ्याचं नवं वर्ष त्या दिवशी लागतं, यांचं ऑगस्टात, त्यामुळे कुंकू पडलं ते पहिल्या पानाच्या मधेच.

आता वाचायचं कसं, कारण लिहिणं सोपं आहे. चालू बेरजेला दोन मापं लावून बघा. पहिलं 40. एवढे गुण झाले की खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची भीती साधारण मिटते. लेस्टरचे प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी तिथे पोचेपर्यंत याच 40चा जप करत होते, लोक हसत होते. दुसरं माप सामन्यामागे दोन गुण, म्हणजे 38 सामन्यांचे 76. या चालीने जाणारा बहुतेक वेळा किताबाच्या आसपास असतो. नाताळात लेस्टर सतरा सामन्यांत 38 वर होता, दोनच्या चालीपेक्षा चार पुढे, तक्त्यात पहिला. हंगामाआधी इंग्लंडमधले सट्टेवाले त्यांच्या किताबावर एकाला पाच हजार देत होते. मग लिव्हरपूलशी 0-1, मँचेस्टर सिटीशी 0-0, बोर्नमथशी 0-0. तीन सामन्यांत एकही गोल नाही. बोर्नमथच्या बरोबरीने बरोबर 40 झाले, आणि भाचा म्हणाला, झालं, आता घसरण.

इथे ती एकोणीसची गोष्ट. पहिलं पान भरलं की खाली जाड रेघ मारा आणि तेरीज, म्हणजे पानाची एकूण बेरीज, काढा. लेस्टरची पहिल्या पानाची तेरीज: 39 गुण, गोल केले 37, खाल्ले 25. हंगाम संपल्यावर दुसऱ्या पानाची: 42 गुण, गोल केले 31, खाल्ले 11. मी ही बेरीज तीनदा केली, वाटलं कुठेतरी हातचा सुटला. विक्री कमी झाली आणि नफा वाढला! असं पेढीवर झालं असतं तर शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं असतं. उत्तर पाचव्या रकान्यात होतं. पहिल्या नऊ सामन्यांत त्यांनी सतरा गोल खाल्ले, एकही सामना कोरा नाही, एकट्या आर्सेनलने घरात येऊन पाच मारले. रानिएरींनी पोरांना आमिष दाखवलं: एकही गोल न खाता सामना काढा, पिझ्झा देतो. 24 ऑक्टोबरला क्रिस्टल पॅलेस 1-0. पिझ्झा मिळाला, पण तो त्यांना स्वतःच करायला लावला. (आवडला मला हा माणूस.) आणि दुसऱ्या पानावर फेब्रुवारीच्या शेवटापासून बोट खाली न्या: नॉरविच 1-0, मधे वेस्ट ब्रॉमविच 2-2, मग वॉटफर्ड 1-0, न्यूकॅसल 1-0, पॅलेस 1-0, साउदॅम्प्टन 1-0. पाच ओळींत गोल पाच, गुण पंधरा. टीव्हीवर बघताना भाच्याला हे सामने कंटाळवाणे वाटायचे. वहीत बघा, सगळा किताब तिथे आहे. लोक वार्डीचे धावते गोल आठवतात, माझ्या मते खरी कमाई त्या एक-शून्यांची.

मार्च लागला की शेजारच्या पानावर प्रतिस्पर्ध्याचं खातं उघडा. एकाचंच, जो खरोखर गाठू शकतो त्याचं. आमच्याकडे टॉटनहॅम. रोज वरची ओळ एवढीच: आजची बेरीज आणि उरलेल्या सामन्यांचे तिप्पट. ही जास्तीत जास्त मजल. ती आपल्या चालू बेरजेच्या खाली गेली की हिशेब संपला. 1 मेला लेस्टर 36 सामन्यांत 77. टॉटनहॅम 35 सामन्यांत 69, उरलेले तीन, म्हणजे मजल 78. एका गुणाने किताब अडकला.

दुसऱ्या दिवशी टॉटनहॅम चेल्सीकडे खेळायला गेले. आपल्याकडे मंगळवार लागला होता, रात्री साडेबारा. कूलर चालू, भाच्याने दिवे मालवलेले. मध्यंतराला टॉटनहॅम 2-0 पुढे. मी म्हटलं झोपू या. तो म्हणाला, "थांब गं आत्या." मग चेल्सीच्या केहिलचा गोल, आणि सात मिनिटं राहिली असताना त्यांच्याच हॅझर्डचा. 2-2. शिट्टी वाजेपर्यंत पेनाचं टोपण मी उघडलं नाही. वाजल्यावर टॉटनहॅमच्या खात्यात 70 लिहिले, शेजारी मजल 76, आणि समोर लेस्टरच्या पानावर काहीच नाही, कारण त्या दिवशी ते खेळलेच नव्हते. किताबाची नोंद स्वतःच्या खात्यात ओळ नसताना झाली. म्हणून म्हणते, शेजारचं पान सोडू नका.

15 मेला चेल्सीशी 1-1, अडतिसावी ओळ. ताळेबंद: 23 विजय, 12 बरोबऱ्या, 3 पराभव, गोल 68 विरुद्ध 36, गुण 81. आर्सेनल दुसरे, 71.

ऑगस्टात नवं पान दुमडलं आणि सवयीने पहिल्या ओळीत "मागील पानावरून" लिहून पुढे 81 मांडले. भाचा खो-खो हसला. "इथे मागची शिल्लक येत नाही गं आत्या." मी 81 वर रेघ मारली, शून्य लिहिलं, सही केली. खालच्या ओळीत 13 ऑगस्ट 2016, हल सिटी, बाहेर, 1-2, गुण 0.