जुनी 'सुधारलेली' शिकारी रायफल ओळखताना आणि तिची किंमत ठरवताना या चुका टाळा

दोन महायुद्धांनंतर लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली (बोल्टचा दांडा हाताने मागेपुढे करून काडतूस भरायच्या) फार मोठ्या संख्येने नागरी बाजारात आल्या. त्यांतल्या अनेकींचे दस्ते कापले गेले, नळ्या आखूड झाल्या, आणि दुर्बीण बसावी म्हणून बोल्टचे सरळ दांडे वाकवून खाली घेतले गेले. कोणी हे काम घरच्या बाकावर कानस घेऊन केले, तर कोणी नामांकित कारागिराकडून करून घेतले. अशा रायफलीला 'स्पोर्टर' म्हणतात. ती सेकंडहँड घेताना होणाऱ्या चुकांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते: प्रत्येक फेरफाराने रायफलीवरचा काही ना काही पुरावा पुसलेला असतो, आणि घेणारा मात्र उरलेल्या एखाद्या ठशावर पूर्ण विश्वास टाकतो. माझा क्रम ठरलेला आहे. बोल्ट उघडून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती पोकळी) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. मग अ‍ॅक्शन, मग नळी, मग चेंबर, आणि किंमत सर्वांत शेवटी. अ‍ॅक्शन म्हणजे रिसीव्हर, अर्थात नळी बसते तो पोलादी सांगाडा, आणि त्यात सरकणारा बोल्ट. नवखे लोक नेमके किमतीपासून सुरू करतात आणि मग त्या किमतीला शोभेल अशी ओळख रायफलीला चिकटवतात.

नळीवरचा ठसा म्हणजेच काडतूस, असे मानणे

या एका चुकीचा मला मनापासून कंटाळा आला आहे. नळीवरचा ठसा, तो ज्या दिवशी मारला गेला त्या दिवशी नळी काय होती, एवढेच सांगतो. त्यानंतर कोणी चेंबरमध्ये रीमर (चेंबर कोरून मोठे करायचे हत्यार) फिरवला असेल, तर त्याने नवा ठसा मारलाच असेल याची कसलीही हमी नसते. जर्मन लष्करी माउझरच्या नळीवर तर काडतुसाचे नाव बहुधा नसतेच, त्यामुळे विकणारा जे सांगेल तेच नाव पुढे चालू राहते.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशीच एक माउझर घेतली होती. रिसीव्हरच्या कड्यावर 'बीवायएफ' हा संकेत आणि त्याखाली ४४ हा आकडा स्पष्ट दिसत होता, म्हणजे ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात १९४४ मध्ये बनलेली कार-९८-के. विकणाऱ्याने 'आठ मिलिमीटर' असे सांगितले, आणि यांनी ८×५७ (८ मिमी गोळी आणि ५७ मिमी लांबीची पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी नळकांडे) ची कारखान्यात भरलेली काडतुसे आणून वापरायला सुरुवात केली. काडतूस चेंबरमध्ये सहज जाई, बोल्टही विनासायास बंद होई, पण गोळ्या लक्ष्यावर कुठेही पडत. मैदानावरच्या एका जाणकाराने दस्त्याचे स्क्रू आवळून पाहिले, दुसऱ्याने नवी दुर्बीण घ्यायला लावली, आणि हे गृहस्थ नळी बदलण्याच्या खर्चाची चौकशी करू लागले. उडवलेल्या पुंगळ्या मात्र कोणीही उचलून पाहिल्या नव्हत्या. त्या पाहिल्यावर वेगळे निदान करावे लागलेच नाही. पुंगळीचा खांदा (ती जिथे निमुळती होते तो उतार) पुढे ढकलला गेला होता, मान (गोळी धरणारा अरुंद भाग) जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि काहींच्या बुडाच्या थोडे वर चकाकणारे कडे उमटले होते. ते कडे म्हणजे पितळ ताणले जाऊन तुटायच्या बेतात आल्याची खूण असते.

ती रायफल '८ मिमी-०६' होती. युद्धानंतर अमेरिकेत ८×५७ ची काडतुसे सहज मिळत नसत आणि .३०-०६ या तिथल्या लष्करी काडतुसाच्या पुंगळ्या मुबलक होत्या, म्हणून तिथल्या पुष्कळ गनस्मिथांनी माउझरचे चेंबर लांबवून ते .३०-०६ च्या पुंगळीला ८ मिमी गोळी बसवता येईल असे करून दिले. अशा चेंबरचा खांदा ८×५७ पेक्षा सुमारे ३ मिमी पुढे असतो. म्हणजे ५७ मिमीचे काडतूस त्यात पुढच्या बाजूने आधाराशिवाय राहते. माउझरचा मोठा, नखासारखा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) काडतुसाची कड पकडून ठेवतो, म्हणूनच त्या गृहस्थांच्या तोंडावर तप्त वायू आला नाही; यात त्यांच्या हुशारीचा काहीही वाटा नव्हता. शिवाय किमतीचा हिशेबही बदलला. या चेंबरची काडतुसे दुकानात सहज मिळत नाहीत, तेव्हा अशी रायफल स्वतः काडतुसे भरणाऱ्यालाच उपयोगी पडते, आणि असे ग्राहक थोडे असतात.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे: चेंबरचा साचा घ्यायचा. त्यासाठी सेरोसेफ नावाचा, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही खाली वितळणारा बिस्मथचा मिश्रधातू मिळतो. नळीत चेंबरच्या जरा पुढे बोळा बसवून तो ओतायचा. थंड होताना तो आधी किंचित आकुंचन पावतो, तेव्हाच साचा बाहेर काढून घ्यायचा. नंतर तो पुन्हा प्रसरण पावतो आणि सुमारे एका तासाने चेंबरच्या मूळ मापावर येतो, म्हणून मोजमाप त्याच वेळी करायचे. ज्यांना हा तासही जड जातो, त्यांनी जुन्या रायफलींच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

साच्याबरोबर नळीचे मापही घ्यावे, कारण चेंबर बरोबर असूनही गोळीचा व्यास चुकू शकतो. जर्मनीने १९०५ मध्ये ८×५७ साठी नवी गोळी स्वीकारली, तेव्हा गोळीचा व्यास .३१८ इंचावरून .३२३ इंचावर गेला. जुन्या मापाच्या नळीतून नवी गोळी उडवली तर दाब धोकादायकरीत्या वाढतो. मऊ शिशाचा गोळा तेल लावून नळीतून हलकेच पार करावा आणि त्यावर उमटलेल्या खाचांचे माप मायक्रोमीटरने घ्यावे. ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलीच्या नळीत बहुधा पाच खाचा असल्याने समोरासमोरच्या दोन खाचा सापडत नाहीत आणि साधे माप फसवते. तिथे हे काम कारागिराकडे द्यावे. उलट बाजूने, नाव अनोळखी दिसले म्हणून घाबरण्याचेही कारण नसते: .२७५ रिग्बी म्हणजे ७×५७ च आहे.

नळीच्या तारखेवरून रायफलीचे वय ठरवणे

अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ च्या बाबतीत ही चूक सर्वांत महाग पडते. सुरुवातीच्या काळात या रायफलींच्या रिसीव्हरवरची उष्णता-प्रक्रिया कामगार तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्यांनी पाहून करत असत. त्यामुळे काही रिसीव्हर अति तापून ठिसूळ झाले, आणि १९१७ च्या सुमारास काही फुटल्यावर चौकशी होऊन पद्धत बदलली गेली. म्हणून स्प्रिंगफील्ड आर्मरीचे ८,००,००० च्या खालचे आणि रॉक आयलंड कारखान्याचे २,८५,५०७ च्या खालचे अनुक्रमांक आजही संशयित मानले जातात. या रायफलीच्या नळीवर तोंडाजवळ, पुढच्या माशीच्या (नेम धरायच्या खुणेच्या) मागे, निर्मितीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते. पण नळी नंतर बदललेली असू शकते. विक्रेता नळीवरचे १९४२ दाखवतो, घेणारा मान डोलावतो, आणि रिसीव्हरवरचा सहा अंकी क्रमांक कोणी वाचतच नाही. नळी आखूड केलेली असेल तर तारखेचा तुकडाही कापून गेलेला असतो. अशा रिसीव्हरची रायफल मी भिंतीवर लावण्याच्या भावाने मोजतो. 'इतकी वर्षे चालली, आता काय होणार' हा युक्तिवाद मी ऐकून घेतो, पण त्याने माझा भाव बदलत नाही.

अमेरिकन एम-१९१७ मध्ये एडीस्टोन कारखान्याच्या नळ्या अतिशय घट्ट बसवलेल्या होत्या, आणि त्या काढताना रिसीव्हरला केसाएवढी चीर जाऊ शकते. त्यामुळे नळी बदललेल्या एडीस्टोनची चुंबकीय कणांनी तपासणी करून घेतल्याशिवाय बोलणी करू नयेत.

केलेल्या कामाची बिले जोडून किंमत मांडणे

विकणाऱ्यांची ही आवडती चूक. अक्रोडाचा नवा दस्ता, नवा ट्रिगर, दुर्बिणीची बैठक, ब्लूइंग (पोलादावर दिलेला निळसर-काळा थर), या सगळ्यांची बेरीज करून ते मूळ रायफलीच्या भावात मिळवतात. बाजार नेमके उलटे वागतो. मूळ अवस्थेतल्या लष्करी रायफलीला संग्राहक असतो, तर कापलेलीला फक्त वापरणारा असतो, आणि वापरणारा तिची तुलना हमी असलेल्या नव्या कारखानी रायफलीशी करतो. माझ्या मते तीच तिची कमाल मर्यादा असते. माझी सवय अशी: आधी नुसत्या अ‍ॅक्शनचा भाव धरायचा, मग नळी आणि चेंबर निर्दोष असल्यास त्यांचा, आणि बाकीच्या कामाला, ते कितीही देखणे असले तरी, थोडेच द्यायचे. ज्याने ते करून घेतले त्याने ते स्वतःच्या मापाने आणि स्वतःच्या आवडीने करून घेतलेले असते. भाव पाहायचा तो प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचा. मागितलेल्या किमतीवरून फक्त विकणाऱ्याची इच्छा कळते.

याला खरा अपवाद आहे तो नामांकित कारागिरांचा. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या ग्रिफिन अँड हाउच्या किंवा रिग्बीच्या कामाला संग्राहक वेगळा भाव देतात, आणि तो रास्तच आहे. पण 'हे ग्रिफिन अँड हाउचे काम दिसते' या वाक्याला काहीही मोल नाही. नळीवरचे नाव आणि क्रमांक जुळावेत, मूळ पावती असावी किंवा कंपनीच्या नोंदवहीतून पत्र मिळवलेले असावे. ग्रिफिन अँड हाउची बाजूची दुर्बीण-बैठक इतरांच्याही रायफलींवर बसवली गेली आहे, तेव्हा बैठकीवरचे नाव हा पुरावा होत नाही. याच्या उलट नुकसान विकणाऱ्याचे होते: बेल्जियमच्या एफएन आणि स्वीडनच्या हस्कवार्ना या कारखान्यांनी माउझर अ‍ॅक्शनवर मुळातच शिकारी रायफली बनवल्या, आणि लष्करी ठसे दिसत नाहीत म्हणजे ते कोणीतरी घासले असणार, असे समजून लोक त्या स्पोर्टरच्या भावात देऊन टाकतात.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

नव्या ब्लूइंगला भुलू नये. अक्षरांच्या कडा गोलसर झाल्या असतील आणि स्क्रूच्या छिद्रांभोवती उथळ बशी पडली असेल, तर ती जोरात पॉलिश केलेली आहे. दुनळी रायफलीला क्षारांचे गरम ब्लूइंग केलेले आढळले तर ती घेऊच नये, कारण ते द्रावण नळ्यांमधला मऊ डाख खाते.

बोल्टचा क्रमांक रिसीव्हरशी जुळत नसेल तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांत काडतुसाला मिळणारी जागा) गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडू नये. ली-एनफील्ड क्र. ४ ची बोल्ट-हेडे (बोल्टची सुटी पुढची टोके) ० ते ३ अशा मापांत मिळत, आणि गेजशिवाय 'बसले की झाले' या हिशेबाने ती बदलणारे लोक मी पाहिले आहेत.

माउझर अ‍ॅक्शन .३७५ हॉलंड अँड हॉलंडसारख्या लांब काडतुसासाठी मोकळी केलेली असेल, तर खालच्या लगच्या (बोल्टला रिसीव्हरमध्ये अडकवणाऱ्या दात्याच्या) मागचे पोलाद किती उरले आहे ते पाहावे. तिथे लोभाने कानस चाललेली असेल तर दस्त्यावरची कोरीव नक्षी पाहण्यात वेळ घालवू नये.

ब्रिटिश प्रूफचे (अधिकृत दाब-चाचणीचे) ठसे वाचायला शिकावे. '.३०३, २.२२२ इंच, १८.५ टन' यात काडतूस, पुंगळीची लांबी आणि दर चौरस इंचाचा दाब असे तिन्ही सांगितलेले असते. चेंबर त्यानंतर बदलले असेल तर तो ठसा त्या चेंबरबद्दल काहीच सांगत नाही.

अनुक्रमांक घासलेला असेल तर बोलणी तिथेच थांबवावीत. परवाना आणि हस्तांतराचे कागद आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे तपासण्याआधी विसार देऊ नये.

राहता राहिला 'पुन्हा मूळ रूपात आणू' हा बेत. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बंद करावा, नळीच्या तोंडातून लाकडी काठी बोल्टच्या तोंडापर्यंत घालावी आणि माप घ्यावे. कार-९८-के साठी ६०० मिमी, क्र. १ मार्क-३ ली-एनफील्डसाठी सुमारे ६४० मिमी भरले, रिसीव्हरला नवी छिद्रे नसली, बोल्टचा दांडा मूळचा असला आणि फक्त दस्ताच कापलेला असला, तर लष्करी दस्ता शोधून ती परत जुळवता येते आणि तिला काही जास्त देण्यात अर्थ आहे. यातली एकही अट मोडली असेल, तर छिद्रे वेल्डने बुजवून आणि दुसऱ्या नळीचे तुकडे जोडून जे तयार होते ते संग्राहक घेत नाही आणि शिकाऱ्यालाही नको असते.