स्पॅम फिल्टर अपग्रेड करायची धास्ती वाटते? मग या चुका टाळा

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलचा मेल सर्व्हर मी बघतो. स्पॅम ओळखायला तिथं स्पॅमअसॅसिन नावाचा फिल्टर बसवलाय. तिथं गेलो की दरवेळी तेच बोलणं होतं. मी म्हणतो, "नाना, स्पॅमअसॅसिन फार जुनं झालंय. या रविवारी बदलून टाकू." नाना मूळचे अमळनेरकडचे. वहीतून मान वर न काढता म्हणतात, "चालू शे ना? मंग राहू दे."

पूर्वी मला हा आळस वाटायचा. आता वाटत नाही. रोजच्या फालतू मेल खोडण्यात मुनीमजींची दहा मिनिटं जातात, ती कुणी मोजत नाही. पण इंदूरच्या व्यापाऱ्याची तूरडाळीची एक ऑर्डर जंकमध्ये अडकली, तर पुढची पाच वर्षं ती ऐकून घ्यावी लागते. असा हिशेब असल्यावर माणूस "राहू दे"च म्हणणार. नानांचं चुकतं ते एवढंच, की त्यांना वाटतं हात लावला नाही तर सगळं आहे तसंच राहील.

फिल्टर काही डाळमिलच्या मोटारीसारखा नाही, की तेलपाणी केलं आणि दहा वर्षं फिरला. तो बाहेरून येणाऱ्या नियमांवर आणि स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्यांवर जगतो (या याद्या डीएनएस, म्हणजे इंटरनेटवरची नावं-पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेतून विचारल्या जातात), आणि हे बाहेरचं आपल्याला न विचारता बदलतं. १ मार्च २०२० पासून स्पॅमअसॅसिनने नियमांच्या अपडेटसोबतचे जुने शा-१ चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते ताडायचे आकडे, देणं बंद केलं. त्यानंतर ३.४.२ च्या आधीच्या मूळ आवृत्तीवर बसलेल्यांना नवे नियम मिळेनासे झाले. मेल येत होती, सर्व्हर चालू होता, कुठं घंटा वाजली नाही.

याद्यांचं तर आणखी वाईट. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी लोकांनी ती सेटिंगमधून काढली नाही. मार्च २००८ मध्ये तिने विचारलेल्या प्रत्येक पत्त्याला "हो, हा स्पॅमवाला" असं उत्तर द्यायला सुरुवात केली. जिथं ती यादी उरली होती, तिथं चांगली मेलही परत जाऊ लागली. सॉर्ब्स ही यादी जून २०२४ मध्ये बंद झाली. तुमच्या सेटिंगमध्ये तिचं नाव अजून आहे का, तेवढं आजच बघा.

आपण काय बदललंय हेच माहीत नसणं

माझ्या मते लोक घाबरतात ते नव्या आवृत्तीला नाही, स्वतःच्या जुन्या लोकल डॉट सीएफ या सेटिंग फाइलला. फिल्टरचा प्रत्येक नियम मेलला गुण देतो, आणि बेरीज उंबरठ्यावर गेली की मेल स्पॅम ठरते. कुणी तरी २०१३ मध्ये एका नियमाचे गुण शून्य केलेले असतात, कुणी उंबरठा ५ वरून साडेसहावर नेलेला असतो. तो माणूस आता पुण्यात नोकरीला. फाइलमध्ये एक ओळीची टीप नाही. अशा घरात भिंत पाडायची तर मिस्त्रीही दहा वेळा विचार करेल.

याचा प्रसाद मी स्वतः खाल्लाय. एका पतसंस्थेत रात्री सर्व्हरची डेबियन ही लिनक्स सिस्टिम अपग्रेड करत होतो. मध्येच सिस्टिमने विचारलं: तुमची सेटिंग फाइल ठेवू की पॅकेजमधली नवी घालू? डोळे मिटत होते, मी वाय दाबलं. वाय म्हणजे नवी फाइल. उंबरठा परत ५ वर आला, भरवशाच्या पत्त्यांची यादी गेली, आणि सकाळी साडेदहाला मॅनेजरसाहेबांचा फोन. दोन तास घाम गाळल्यावर कळलं की जुनी फाइल शेजारीच डीपीकेजी-ओल्ड अशी शेपूट लावून पडली होती. आरपीएमवाल्या (रेड हॅटच्या घराण्यातल्या) सिस्टिमवर अशाच आरपीएमसेव्ह आणि आरपीएमन्यू नावाच्या फायली सापडतात. तो प्रश्न आला की आधी डी दाबून फरक बघा, आणि कळलं नाही तर एन.

त्याआधी सेटिंगच्या अख्ख्या फोल्डरची प्रत काढा. गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवलीत तर उत्तमच. प्रत्येक बदलाशेजारी तारीख आणि कारण लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं. आणि यूएसआर-शेअर फोल्डरमधल्या मूळ नियमांच्या फायलींत हातानं काहीही बदलू नका. ती जागा पॅकेजची आहे, पुढच्या अपग्रेडला तुमचं लिखाण पुसलं जाणारच.

अपग्रेड झालं आणि स्पॅमचा पूर आला

इथं बहुतेक लोक घाबरून मागे फिरतात. कारण बरेचदा साधं असतं. एसए-अपडेट या नवे नियम उतरवणाऱ्या कमांडने आणलेले नियम आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. ३.४.६ वरून ४.० वर गेलात की नवा फिल्टर जुन्या फोल्डरकडे बघतही नाही. म्हणून अपग्रेड झाल्याबरोबर एसए-अपडेट चालवा, मग स्पॅमअसॅसिनला लिंट पर्याय लावून सेटिंगची तपासणी करा, मग सेवा पुन्हा सुरू करा. लिंटने एखाद्या ओळीवर कुरकुर केली तर ती ओळ वाचा. बरेचदा ती आज अस्तित्वातच नसलेल्या नियमाला गुण देणारी निघते.

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.० मध्ये व्हाइटलिस्टला वेलकमलिस्ट आणि ब्लॅकलिस्टला ब्लॉकलिस्ट म्हटलंय. हे वाचून काही जणांनी अपग्रेडच पुढे ढकललं. जुनी नावं ४.० मध्येही चालतात, एवढ्यासाठी थांबू नका.

बेझ शिकलंय, पण दुसऱ्याच घरात

बेझ म्हणजे तुमच्याच मेलवरून शिकणारा भाग. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल शिकवल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. आपल्याकडे गंमत अशी होते की शिकवणी रूट, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य यूजरने घेतलेली असते आणि मेल तपासतो अमाविसचा (मेल फिल्टरकडे नेणाऱ्या प्रोग्रामचा) यूजर. दोघांच्या वह्या वेगळ्या. मग "नव्या आवृत्तीत बेझ बंद पडलं" अशी तक्रार येते. ते आधीही चालू नव्हतं, फक्त कुणी बघितलं नव्हतं. ज्या यूजरखाली फिल्टर चालतो त्याच यूजरने एसए-लर्न या शिकवणीच्या कमांडचा डंप मॅजिक काढा, म्हणजे किती मेल शिकवल्या ते दिसेल, आणि आकडे बघा. अपग्रेडच्या आधी त्याच कमांडने बॅकअप घ्या. बिघडलंच तर रिस्टोअर करता येतं.

मराठी मेलचं वेगळं दुखणं

परदेशी लेखातून सेटिंग चिकटवताना कुणी तरी भाषा ओळखणारं टेक्स्टकॅट प्लगइन चालू करतं आणि मान्य भाषांमध्ये फक्त इंग्रजी ठेवतं. नको असलेल्या भाषेच्या नियमाला पावणेतीनच्या आसपास गुण आहेत, म्हणजे ५ च्या उंबरठ्याचा निम्म्याहून जास्त रस्ता मराठी असल्याबद्दलच कापला जातो. यादीत एमआर (मराठी) आणि एचआय (हिंदी) हे संकेत घाला. (अहिराणीला त्यात संकेत नाही. अहिराणीत ऑर्डर देणारे भाऊ फोनच करतात, त्यामुळे निभावतं.)

४.० मध्ये मजकूर आधी यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत आणून तपासला जातो. देवनागरी मेलसाठी ही चांगलीच गोष्ट आहे, पण जुन्या बेझच्या भरवशावर न राहता ताज्या मराठी मेल पुन्हा शिकवा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मात्र फिल्टरला इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्यावर इलाज फिल्टरमध्ये नाही, टाइप करणाऱ्याच्या टेबलावर आहे.

दोष डीएनएसचा, शिव्या अपग्रेडला

सर्व्हरला गूगलचा सार्वजनिक डीएनएस लावलेला असेल तर स्पॅमहाउससारख्या याद्या अशा वाटेनं आलेल्या फुकट चौकश्यांना नीट उत्तर देत नाहीत. मेलच्या हेडरमध्ये यूआरआयबीएल ब्लॉक्ड दिसलं तर असंच काही समजा. सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस प्रोग्राम बसवा, आणि तो चौकश्या पुन्हा गूगलकडे ढकलत नाही एवढं बघा.

शेवटी नानांकडे कसं जमलं ते सांगतो. मार्चअखेर आणि मे महिन्यातली लाइट जाण्याची भानगड टाळून मी जुन्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती उभी केली. मिलच्याच गेल्या दोन महिन्यांतल्या चारशे मेल दोन्ही फिल्टरमधून काढल्या आणि दोघांचा निकाल जुळला नाही त्या सात मेल कागदावर छापून नानांपुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला. "यामा आपला कोन शे?" एकच निघाला, अकोल्याचा बारदानवाला. त्याचा पत्ता भरवशाच्या यादीत टाकला. पहिले पंधरा दिवस स्पॅम खोडायचं नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचं, आणि मुनीमजींनी संध्याकाळी एकदा त्यावर नजर टाकायची असं ठरलं. जुना सर्व्हर अजून टेबलाखालीच आहे. नानांनी तो हलवू दिलेला नाही.