पॉइंट शूज मागवण्याआधी पोटरीची ताकद तपासा

धुळ्यात देवपूरला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. मुरगळलेले घोटे घेऊन येतात ती बहुतेक पोलीस भरतीची पोरं, नाहीतर कबड्डीवाले. बॅले हा पाश्चात्त्य नाच शिकणाऱ्या मुली मोजक्याच. सुट्टीत पुण्या-मुंबईला क्लास, एरवी घरी मोबाइलसमोर सराव. पण त्यांच्या आयांचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, बारा वर्षांची झाली, आता ते टोकावरचे शूज मागवू का?" म्हणजे पॉइंट शूज, बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे.

वाढदिवसावर जाऊ नका. अकरा-बाराच्या आत नकोच, पण बारा पूर्ण झाली म्हणजे पाऊल तयार झालं असंही नाही. त्या वयात पावलातली हाडं अजून वाढत असतात. शूजच्या टोकाचा बॉक्स कापड-कागदाचे थर आणि सरस यांचा असतो, तळाला शँक, म्हणजे कडक पट्टी असते. त्यावर टेकायला जागा मिळते एवढंच. अंग वर उचलायचं आणि तिथे धरून ठेवायचं काम पोटरीला आणि तळव्यातल्या बारक्या स्नायूंनाच करावं लागतं. म्हणून आधी दोन-तीन वर्षं नियमित क्लास हवा, आणि पुढचा व्यायाम निदान तीन महिने.

माझी पहिली परीक्षा सोपी. अनवाणी, एका पायावर, गुडघा सरळ, दोन बोटं भिंतीला. टाच पूर्ण वर, सावकाश खाली. वीस वेळा. मी मागे जमिनीवर बसून टाच बघते. पहिल्या आठ-दहाला सगळ्याच छान. मग हळूच घोटा बाहेर ढळतो, वजन करंगळीकडे सरकतं, टाचेची उंची बोटभर कमी होते. मुलीला पत्ताच नसतो, ती मोजतच असते. माझी मोजणी तिथेच थांबते. बॅलेवाले याला सिकलिंग म्हणतात. भरतीच्या पोरांचा पायही याच दिशेने मुरगळतो, फक्त ते बोटांच्या टोकावर उभे नसतात.

सुधारायचं तर दोन्ही पायांनी सुरुवात करा. टाचांच्या मधे, घोट्यांच्या खाली, टेनिसचा चेंडू धरायचा. दोन अंक मोजत वर, चार मोजत खाली. चेंडू पडला की पाय वाकडा झाला, वेगळा आरसा नको. दहा-बाराचे तीन फेरे, एक दिवसाआड. स्नायूला विश्रांतीही लागते. जमलं की एक पाय. नंतर हेच गुडघा थोडा वाकवून करा, पोटरीचा आतला स्नायू तेव्हाच खरा राबतो. खाली येताना धप्पकन येणारी मुलगी वर कितीही सुंदर दिसो, मी तिला पास करत नाही.

तळव्याचा व्यायाम शहाबादी फरशीवर बसून. टाच आणि बोटं टेकलेली, बोटं लांब. आता बोटांची मुळं टाचेकडे ओढा म्हणजे मधली कमान उचलेल. तव्यावरची भाकरी जशी मधे फुगते आणि कडा टेकलेल्याच राहतात, तसं. बोटं आकसली, नखं पांढरी पडली तर चुकलं. पाच सेकंद धरा, दहा वेळा. मग अंगठा एकटा वर, बाकी चार खाली, मग उलट. पहिले काही दिवस बोटं हाताने धरावी लागतात. हे बघून एक आजी वैतागल्या होत्या, "कसाले पाय मोडी ऱ्हायनी व पोर?"

रबरी पट्टा विकत घ्यायलाच हवा असं नाही. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणा, साबणाने धुवा, उभी चिरा. तळव्याच्या पुढच्या भागाला गुंडाळून टोकं हातात धरा. आधी घोटा ताणा, मग बोटं. परत येताना आधी बोटं, मग घोटा. नंतर ट्यूब पलंगाच्या पायाला बांधून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकला. बाहेर ढळणारा घोटा सावरणारे स्नायू हेच, आणि नेमकं हेच सगळ्या टाळतात.

तोल राखण्यासाठी घट्ट कापसाची उशी घ्या, फोमची नको. एका पायावर अर्धा मिनिट, मग डोळे मिटून.

सोफ्याखाली पाऊल अडकवून कमान वाढवणं अजिबात नको. मैत्रिणीला पायावर बसवणं तर मुळीच नको. सांधे सैल होतात, ताकद येत नाही. पाऊल ताणल्यावर टाचेच्या मागे दुखलं, किंवा हाडावर बोट ठेवता येईल इतकी नेमकी जागा दुखली, तर सराव थांबवून दाखवून घ्या. जेवण तोडणाऱ्या, पाळी चुकणाऱ्या मुलीचं हाडाचं दुखणं तर एक दिवसही अंगावर काढू नये.

वीस टाचा सरळ झाल्या तरी शूज ऑनलाइन मागवू नका. शिकवणाऱ्या बाईंनी समोरासमोर पाय बघून हो म्हणायला हवं, आणि माप दुकानात उभं राहून, गुडघे वाकवून घ्यायला हवं. आत बोटं सरळ राहिली पाहिजेत. सुरुवातीला क्लासच्या शेवटी दहाएक मिनिटं, दोन्ही हात बारवर, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्यावर, आणि उभं दोन्ही पायांवर. घरी एकटीने शूज घालायचे नाहीत. चेंडू आणि ट्यूब मात्र चालूच ठेवायची.