तयार किटमधून स्क्रॅपबुकचं पान कसं करावं

आजीच्या अल्बमची पानं काळ्या जाड कागदाची होती. फोटोंना चार बाजूंनी कागदी त्रिकोणी कोपरे आणि दोन पानांच्या मध्ये बटर पेपर. त्यातल्या एका फोटोत नऊवारीतल्या पाचजणी विहिरीपाशी उभ्या आहेत. चेहरे अगदी स्पष्ट दिसतात. आजी गेल्यावर तो फोटो हातात घेतला तेव्हा कळलं, की त्यातल्या तिघींची नावं आता घरात कुणालाच सांगता येत नाहीत. फोटोखाली एक ओळ लिहिलेली असती तर त्या तिघी आमच्यापासून अशा तुटल्या नसत्या.

मी स्क्रॅपबुक करायला लागले ती त्या फोटोमुळे. शाळेत आपण चिकटवही करायचो, तिचंच हे मोठेपणीचं रूप. हल्ली त्यासाठी तयार किट मिळतात आणि चित्रकला येत नसली तरी देखणं पान होतं. तयार सामानाची कल्पना तशी जुनी आहे. मार्क ट्वेनने १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. पान ओलं करायचं आणि कात्रण चिकटवायचं. आजच्या किटमध्ये सजावटीचं सगळं असतं, पण पानावरचा मजकूर आपल्यालाच लिहायचा असतो. तो आधी ठरवला की बाकीचं सोपं जातं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच पान घेऊ: आईच्या पंच्याहत्तरीला ७५ दिव्यांनी केलेलं औक्षण.

किट घेताना

किटमध्ये साधारणपणे नक्षीचे कागद, साधे जाड कागद, आकारात कापून दिलेली चित्रं (डाय-कट), स्टिकर, पुठ्ठ्याचे आकार, टॅग आणि कधी वाशी टेप (नक्षीची कागदी चिकटपट्टी) असते. पाकिटावर 'ॲसिड फ्री' (आम्ल नसलेलं) आणि 'लिग्निन फ्री' असं लिहिलंय का, हे आधी बघा. वर्तमानपत्राचा कागद थोड्याच दिवसांत पिवळा पडतो, कारण त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. तसाच कागद फोटोला वर्षानुवर्षं चिकटून राहिला तर फोटोही खराब होतो. नक्षीचा कागद १२० ते १८० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असला की पुरतो. खालचं मूळ पान मात्र २०० जीएसएमपेक्षा पातळ नको, नाहीतर फोटोंच्या वजनाने ते वाकतं.

आकारांत १२ बाय १२ इंच सर्वांत जास्त दिसतो. पहिल्यांदा करणाऱ्याने तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एवढं पान भरताना दम लागतो आणि मग किटमधलं सगळं त्यावर ओतलं जातं. ८ बाय ८ इंच घ्या. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते आणि ८ इंच म्हणजे जवळजवळ २०. त्यामुळे एखादा कागद खराब झाला तर कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या ए-फोर कार्डशीटमधून नवा कापता येतो.

बरीचशी किट परदेशी सणांना धरून केलेली असतात. बर्फ, भोपळे आणि इंग्रजी वाक्यांची स्टिकरं आपल्या उष्टावणाच्या किंवा डोहाळजेवणाच्या पानावर परकी वाटतात. म्हणून पानं-फुलं, रेघा, ठिपके असलेलं साधं किट निवडावं. आपल्या पानासाठी मी मातकट, हळदी आणि गडद हिरवा रंग असलेलं किट घेईन, कारण फोटोत दिव्यांचा पिवळा उजेड आहे. मूळ पानासाठी हातकागदही छान दिसतो. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लाकडाचा लगदा नसतो, त्यामुळे लिग्निनची काळजी उरत नाही. पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था आहे.

किटशिवाय लागतं ते एवढंच: स्टीलची पट्टी, कटर, खाली ठेवायला कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा, कात्री, पेन्सिल, डबल साइड टेप, थोडी फोम टेप आणि न पसरणारं काळं पिगमेंट शाईचं पेन.

फोटो आधी, किट नंतर

किटचं पाकीट उघडायची घाई नको. आधी फोटो निवडा: एक मोठा आणि एक किंवा दोन लहान. मोठ्या फोटोत प्रसंग दिसावा, लहान फोटोत एखादा बारकावा. औक्षणाचा ४ बाय ६ इंचाचा उभा फोटो मोठा. लहान फोटो मी केकचा किंवा हॉलमधल्या गर्दीचा घेणार नाही. ताम्हनात वाती लावणारे मावशीचे हात घेईन, २ बाय २ इंचांत.

फोटो स्टुडिओतून फोटो पेपरवर छापून घ्यावेत. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बऱ्याचदा दमट हवेत पसरते. जुना मूळ फोटो मात्र कधीही चिकटवू नका आणि कापूही नका. तो ६०० डीपीआयवर (स्कॅन किती बारकाईने करायचं त्याचं माप) स्कॅन करून त्याची प्रत वापरा. आमच्या घरी एका चिकट पानांच्या अल्बममध्ये जुने फोटो लावले होते आणि ते निघेचनात. तुमच्याकडे तसा अल्बम असेल तर ओढाताण करू नका. दातांत घालायचा फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरी हलत नसेल, तर पान आहे तसंच स्कॅन करा.

मांडणी

आता किट उघडा आणि त्यातले फक्त पाच-सहा तुकडे बाहेर काढा: एक साधा कागद, दोन नक्षीचे आणि दोन-तीन छोटे आकार. बाकीचं पाकिटात राहू द्या. सगळं संपवायलाच हवं असं वाटतं आणि पान बिघडतं ते नेमकं तिथे.

मोठ्या फोटोमागे गडद कागद लावायचा. फोटोच्या चारही बाजूंनी पाव इंच दिसेल असा, म्हणजे साडेचार बाय साडेसहा इंच. एवढ्याशा काठानेही फोटो नक्षीतून उठून दिसतो. हा तुकडा पानाच्या डाव्या आणि खालच्या कडेपासून अर्धा इंच आत ठेवा. त्याच्या वर इंचभर पट्टी रिकामी राहते, तिथे शीर्षक येईल. उजवीकडे, मध्ये पाव इंच आणि कडेला अर्धा इंच सोडून, सव्वादोन इंचांचा उभा पट्टा मिळतो. त्यात वर लहान फोटो, खाली मजकूर. नक्षीचा कागद या उजव्या पट्ट्यामागे लावा, पानभर नको. किटमधले बरेच नक्षीचे कागद दोन्ही बाजूंनी छापलेले असतात, म्हणून कापण्याआधी उलटून बघा. एका कडेला कंपनीचं नाव असलेली बारीक पट्टी असेल तर तीही टाकू नका. तिच्या मागच्या बाजूला बहुतेक नक्षी असते आणि ती किनार म्हणून चांगली शोभते.

काहीही न चिकटवता सगळं मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. छोट्या पडद्यावर तोल लगेच कळतो. मग थोडा वेळ दुसरं काम करून या आणि पुन्हा बघा.

देवनागरी शीर्षक

किटमध्ये अक्षरांची स्टिकरं रोमन असतात, म्हणून पुष्कळजण शीर्षक इंग्रजीत लिहून मोकळे होतात. तसं करू नका. कागदातून कापायला देवनागरी लिपी फार सोयीची आहे. रोमन अक्षरं एकेक कापून ओळीत बसवावी लागतात. आपल्याकडे शिरोरेखा असल्यामुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. 'औक्षण' हा शब्द कागदाच्या मागच्या बाजूवर आरशात दिसतो तसा उलटा काढा, रेषा निदान ५ मिलिमीटर जाड ठेवा आणि शिरोरेखा त्याहून थोडी जाड. आधी अक्षरांच्या आतल्या पोकळ्या कटरने काढायच्या, बाहेरची कड सगळ्यांत शेवटी. कड आधी कापली तर शब्द हातात लवचीक होतो आणि फाटतो. अनुस्वार असलेला शब्द असेल तर टिंब वेगळं कापून जागेवर लावा.

चिकटवणं

घरात असतो तो पांढरा गोंद पाण्यात केलेला असतो. तो लावला की कागद फुगतो आणि सुकताना सुरकुततो. डबल साइड टेप किंवा ग्लू स्टिक बरी, आणि तिच्यावरही 'ॲसिड फ्री' लिहिलेलं असावं. आकाशकंदिलाला करंज्या चिकटवताना लहानपणी आपण पिठाची खळ करायचो. कंदिलाला ती उत्तम, अल्बमला मात्र चालणार नाही. पिठावर कसर येते आणि ती कागदही खाते. साधी सेलोटेपही नको, ती काही वर्षांत पिवळी पडून सुटते आणि डाग मागे ठेवते.

खालून वर या क्रमाने चिकटवा: नक्षीचा पट्टा, गडद कागद, फोटो, शीर्षक आणि शेवटी छोटे आकार. प्रत्येक तुकड्याला आधी वरच्या कडेलाच टेप लावून तो जागेवर ठेवा. सरळ बसला याची खात्री झाली की मग बाकीच्या कडा. फोम टेप फक्त एक-दोन आकारांखाली, कारण ती सगळीकडे लावली तर अल्बम मिटत नाही.

मजकूर

हा भाग वगळायचा मोह होतो, कारण अक्षर चांगलं नसतं. तरी हातानेच लिहा. पंचवीस वर्षांनी बघणाऱ्याला तुमचं अक्षरही हवं असेल. पेन्सिलने फिक्या रेघा आखा, आधी कच्च्या कागदावर लिहून ओळी मोजा आणि मग पेन घ्या.

तारीख, गाव आणि फोटोतल्या प्रत्येकाचं नाव तर हवंच. त्यात फोटोत न दिसणारी एक गोष्ट घाला: '७५ दिवे लावेपर्यंत पहिले दहा विझले होते. मावशीने पंखा बंद करायला लावला. आई म्हणाली, असू दे, मी मोजलेत.' 'अविस्मरणीय क्षण' असं लिहू नका, ते कुठल्याही घरातल्या कुठल्याही फोटोखाली चालतं. पूर्ण नावं आणि नाती पानाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. फोटोच्या मागे बॉलपेन दाबून लिहिलं तर वळ पुढे उमटतात.

उरलेल्या कागदाचं फूल

उरलेल्या नक्षीच्या कागदातून २ इंच रुंदीच्या पट्ट्या कापा. सगळ्या जोडून २४ इंच लांबी व्हायला हवी. ८ इंची कागद असेल तर तीन पट्ट्या आणि जोडासाठी थोडी वाढ. दर अर्ध्या इंचाला एक घडी पुढे, एक मागे, वहीच्या कागदाचा पंखा करतो तशी. टोकं एकमेकांना चिकटवली की उभं कडं तयार होतं. ते वरून दाबलं की ४ इंचांचं चपटं फूल पसरतं, पण हात काढताच ते पुन्हा उठतं. म्हणून दाबून धरूनच मधोमध दोन्ही बाजूंनी दीड इंचाची गोल चकती ग्लू गनने चिकटवा आणि गोंद थंड होईपर्यंत हात काढू नका. हे फूल शुभेच्छापत्रावर किंवा भेटीच्या खोक्यावर लावा, अल्बमच्या पानाला ते जाड होतं.

पान जपताना

पान रात्रभर उघडं सुकू द्या आणि मग पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटात सरकवा. उग्र वास येणारी पीव्हीसीची पाकिटं फोटोंसाठी घातक असतात. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, तिथे ओल येते आणि बुरशी धरते. शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की एखाद्या कोरड्या दुपारी अल्बम काढून सावलीत पानं उघडून ठेवा. तेव्हा घरात कुणी वयस्क माणूस असेल तर त्यांच्या शेजारी बसा आणि हाताशी पेन्सिल ठेवा.